तिसऱ्या बेसवरचं अपील

प्रिय धाकट्या,

तुझं पाकीट मिळालं. ते घेऊन तू स्वतः आला नाहीस, दुकानातल्या माणसाला पाठवलंस. त्यानं ते पंपघराच्या खिडकीतून आत सरकवलं आणि सायकलवर टांग टाकून जो पळाला, जसा काही मी आत बसून माणसं खातो. पाकिटात दोन कागद निघाले. एक टाइप केलेला, त्यावर माझी सही हवी आहे. दुसरा अर्ध्या पानाचा, तुझ्या हातचा, त्यात एकच प्रश्न आहे. टाइप केलेला कागद मी दोनदा वाचला, त्याची नीट घडी घातली आणि जुन्या मोटरखाली, जिथं तेल ठिबकतं, तिथं ठेवला. तेल छान शोषून घेतोय. कागद महागाचा दिसतो.

तुझ्या हातच्या प्रश्नाचं उत्तर मी देणार आहे, पण शेवटी. आधी माझं ऐकून घे. महिनाभर तुम्ही सगळे बोलताय आणि मी ऐकतोय, आता तुझी पाळी. पत्राचा एक फायदा असतो, समोरच्याला मध्ये तोंड घालता येत नाही. तुझ्याशी बोलायला मला दुसरा मार्ग सुचलेला नाही.

त्या कागदात तुझ्या वकिलानं माझ्या तोंडी घातलंय की तिसऱ्या बेसजवळ धूळ उडाल्यामुळे मला नीट दिसलं नाही आणि अपिलाचा निर्णय घाईत दिला गेला. एवढ्यावर मी सही केली की पोरींच्या सॉफ्टबॉलचा अंतिम सामना पुन्हा खेळवायचा आणि तू माझ्याविरुद्धची तक्रार मागे घ्यायची. नाही केली तर रविवारी समितीपुढे तक्रार उभी राहणार, की पंचानं स्वतःच समोरच्या संघाला खुणावून अपील करायला लावलं. तसं ठरलं तर माझं नाव पंचांच्या यादीतून कायमचं जाईल. धूळ म्हणे! अरे, त्या दिवशी सकाळी मैदानावर पाणी मी मारलं होतं आणि पाइप धरायला तुझाच माणूस होता. तुझ्या क्लबच्या पोरींचे बूट चिखलानं भरत होते म्हणून तू माझ्यावर चिडलास, ते विसरलास का? मग धूळ आली कुठून? तुझ्या वकिलानं डोकं खाजवलं असेल, तेव्हा पडली असेल.

आणि मला त्या सामन्याला उभं कुणी केलं? बाहेरगावचा पंच तापानं आडवा झाला, तेव्हा संघटनेच्या सचिवांच्या दवाखान्यात आपण तिघं बसलो होतो. ते दातांचे डॉक्टर, हातात कुणाची तरी कवळी, आणि तू म्हणालास, "दादाच उभा राहू दे की. आपलं माणूस आहे." मी म्हणालो, माझी पुतणी खेळतेय, मला नको. तर तू हसलास आणि म्हणालास, "अरे, मग बरंच झालं!" त्या हसण्यातच मला सगळं कळायला हवं होतं. ज्या शाळेच्या संघाशी सामना होता तिथल्या खेळाच्या बाईंना फोन लावला, तर त्या म्हणाल्या, "ते होय? ते असतील तर काही हरकत नाही." परकी बाई एवढं म्हणून फोन ठेवते आणि सख्खा भाऊ मला मैदानावर असा पाठवतो, जसं लग्नघरात आपला माणूस वाढायला उभा करतात, आपल्या पंगतीला चार घास जास्त पडावेत म्हणून.

सामना तुला आठवत असेल. पण तू तो दुकानाच्या बॅनरखाली, फोन कानाला लावून पाहिलास, म्हणून मी पाहिलेला सांगतो. शेवटचा डाव. दोन्हीकडे धावा सारख्या. तुझ्या पोरी बॅटिंगला, दोघी बाद झालेल्या, तुझी भिंगरी पहिल्या बेसवर. (पोरीचं खरं नाव मलासुद्धा आठवून सांगावं लागतं. पाळण्यात होती तेव्हापासून पाय हलताहेत, भिंगरी नाही तर काय म्हणायचं.) पुढच्या पोरीनं चेंडू असा हाणला की लांब उभ्या दोघींच्या मधून तो थेट कुंपणाला जाऊन लागला. भिंगरी सुटली. दुसरा बेस शिवला, तिसऱ्याकडे वळली. मैदानात दोनच पंच असले की कामाची वाटणी ठरलेली असते. पोस्टमन, म्हणजे माझा जोडीदार पंच, चेंडू मारणारीकडे बघतो आणि मी पुढं पळणारीकडे. म्हणून मी होम प्लेट, जिथं धाव पुरी होते ती, सोडून तिसऱ्या बेसच्या बाजूला थोडा पुढं सरकलो होतो आणि माझी नजर तिच्या पायांवर होती. तिनं कोपरा कापला. डावा पाय बेसच्या आतल्या बाजूला, वीतभर लांब पडला आणि उजवा थेट पलीकडं. बेस मध्येच राहिला, दारात उभा राहून कुणी 'या' न म्हटलेल्या पाहुण्यासारखा. तशीच ती धावत आली, होम प्लेटवर दोन्ही पाय आदळले आणि तुमच्या बाजूनं एकच कल्ला झाला. जिंकलो!

आता तो नियम, ज्याच्या नावानं तुम्ही महिनाभर बोंब मारताय आणि जो तुमच्यातल्या एकानंही वाचलेला नाही. धावणारीनं बेस चुकवला आणि पंचानं तो डोळ्यांनी पाहिला, तरी पंचानं गप्प राहायचं. चेहऱ्यावरसुद्धा काही दाखवायचं नाही. समोरच्या संघातल्या खेळाडूनं येऊन "ती अमुक बेसला शिवली नाही" असं म्हटलं, तरच तोंड उघडायचं. मात्र एकदा विचारलं की जे पाहिलं तेच सांगायचं. सामन्याचा शेवटचा खेळ असेल तर विचारायची मुभा पंच मैदानाबाहेर जाईपर्यंत. पंच गेला की विषय संपला, चुकलेला बेससुद्धा शिवल्यात जमा. आणि बाहेरून कुणी ओरडून उपयोग नाही. आरोळीला अपील म्हणत नाहीत. जो खेळात आहे त्यानंच विचारायला हवं.

हा नियम मला पहिल्यांदा कळला तेव्हा तो पटला नव्हता. चूक दिसतेय आणि बोलायचं नाही, हा कुठला न्याय? पण इतकी वर्षं मैदानावर उभा राहून आता वाटतं, देवाची रीत तरी वेगळी कुठं आहे? तो सगळं बघतो आणि चाडी कुणाचीच करत नाही. कुणीतरी जवळ येऊन खरं विचारेपर्यंत थांबतो. आपणच लांबून आरोळ्या मारतो आणि मग म्हणतो, देव ऐकत नाही.

हे तुझ्या बॅनरखालच्या मंडळींना कुठं सांगू? त्यांतल्या निम्म्यांना तिसरा बेस आणि पायपुसणं यांतला फरक कळत नाही. फुकटच्या टोप्या वाटल्यास म्हणून आलेली ती माणसं. टोपी डोक्यावर चढली की अक्कलही आत आली असं त्यांना वाटलं. तो तुझा बांधकामवाला मित्र, सामनाभर बाद झालेल्या पोरीसाठीसुद्धा टाळ्या वाजवत होता, तोच नंतर मला नियम शिकवायला पुढं! ज्ञान मुठीएवढं आणि आवाज भोंग्याएवढा. मला त्याचा राग येत नाही, धाकट्या. राग यायला माणूस निदान आपल्या उंचीचा लागतो.

तुझ्या तक्रारीतला दुसरा मुद्दा असा, की "पंच सामना संपल्यावर हेतुपुरस्सर रेंगाळले." हेतुपुरस्सर हा शब्द तुझा नाही, तुला तो एका दमात म्हणताही येणार नाही. मी रेंगाळलो नव्हतो, होम प्लेट पुसत होतो. हे तू लिहून द्यावंस? तू? आपल्या गावच्या शाळेत सगळ्यांत शेवटी वर्ग सोडणाऱ्यानं फळा पुसायचा, हा दंडक होता. गुरुजी म्हणायचे, उद्या येणाऱ्याला आजचा पसारा ठेवू नये. तुझी पाळी आली की तू डस्टर माझ्या हातात कोंबून पळायचास आणि मी दोघांच्या पाळीचं पुसायचो. तीच सवय. सामना कोणताही असो, संपला की मी खिशातला ब्रश काढतो, वाकून प्लेट साफ करतो, मनात देवाचे आभार मानतो की आज कुणाचं हाडबीड मोडलं नाही, आणि मग बाहेर पडतो. साऱ्या मैदानाला हे माहीत आहे. "पंचांची झाडलोट झाली का? चला घरी!" असं पोरी माझ्या तोंडावर म्हणतात. तुझी भिंगरी तर माझी नक्कल करते, कमरेवर हात ठेवून, कण्हत वाकून. आणि त्या एकाच दिवशी माझी झाडलोट हेतुपुरस्सर झाली?

तर मी असा वाकलो होतो, पाठ मैदानाकडे, तोंड मागच्या जाळीकडे. माझ्या पाठीमागं तुमच्या पोरी नाचत होत्या, भिंगरीला खांद्यावर घ्यायला तिला शोधत होत्या, "कुठं गेली रे ती?" म्हणून ओरडत होत्या. तेवढ्यात प्लेटच्या कडेला दोन बूट येऊन थांबले. मान वर केली तर समोरच्या संघाची कॅचर, प्लेटमागं बसून चेंडू झेलणारी. ती चष्मेवाली, जी यंदाच खेळायला लागली आणि उपांत्यपूर्व सामन्यापर्यंत पायाचे पॅड उलटे बांधत होती. डोळे रडून सुजलेले. ती म्हणाली, "सर, पंधरा नंबर तिसऱ्या बेसला शिवली नाही." मी उभा राहिलो. पोस्टमनकडे पाहिलं, तो अजून मैदानातच होता. मग मूठ वर केली आणि म्हणालो, "आउट." तिसरी बाद, धाव रद्द, बरोबरी. खेळ पुढं चालू.

त्यानंतर तू जे केलंस ते मी इथं लिहिणार होतो, पण कागदाची दया आली. फोन हातात, शर्ट बाहेर, तू त्या ओल्या मातीत बुटासकट आत आलास. "दादा, डोकं फिरलंय का तुझं? स्वतःच्या घरातल्या पोरीला?" मी म्हणालो, रेषेच्या बाहेर जा. तर माझ्या छातीला बोट लावून म्हणालास, "कुणी शिकवलं त्या पोरीला? जिला काल पॅड बांधता येत नव्हते, तिला आज नियम कुठून सुचला? कुणीतरी सांगितल्याशिवाय ती आली नाही!" तुझे ते टोपीवाले मागून, "सख्खा काका, पक्का वैरी!" कुणीतरी ओरडलं, "पंचाला चष्मा द्या रे!" तर त्या बिचाऱ्या कॅचरचा हात नकळत स्वतःच्या चष्म्याकडे गेला. एवढ्या गोंधळात हसू आलं ते मला तेवढंच. पुढच्या डावात तुमच्या पोरींच्या हातून चेंडू सुटायला लागले, समोरच्यांनी धाव काढली आणि चषक त्या घेऊन गेल्या. चषकसुद्धा तुझ्याच दुकानानं दिलेला. तो देताना तुझं तोंड पाहून मी मान फिरवली.

खरं सांगायचं तर त्या दिवशी तू जेवढं बोललास त्यात एक वाक्य बरोबर होतं. कुणीतरी सांगितल्याशिवाय ती पोरगी आली नसती. हे मलाही मान्य आहे. म्हणूनच तुझी तक्रार मला फाडून टाकता येत नाही, नुसती तेलाखाली ठेवता येते.

मग महिनाभर जे चाललंय ते तुला कळत असेल, नसेल, सांगतो. न्हावी वस्तरा माझ्या गळ्यावर ठेवून विचारतो, "काका, खरंच खुणावलं का हो?" त्या अवस्थेत माणूस काय सांगणार? तुझ्या वहिनीला बाजारात भाजीवाल्या बाईनं विचारलं, "तुमच्या घरात वाटणीवरून काही आहे का?" जणू दोन भावांमध्ये वाटणीशिवाय दुसरं काही असूच शकत नाही. वहिनी घरी येऊन म्हणाली, "तुम्ही एकदा त्यांना सांगून का टाकत नाही?" काय सांगून टाकू, ते तिनं विचारलं नाही. ती फार कमी विचारते आणि त्याचे मी देवापाशी रोज आभार मानतो.

सचिव महाशय पंपघरात आले होते. पांढरे बूट घालून. जमिनीवर तेल सांडलेलं पाहून दारातच उभे राहिले आणि तिथूनच म्हणाले, "नियमाप्रमाणे तुम्ही बरोबर आहात हो. पण जरा वातावरण बघा." मी म्हणालो, साहेब, वातावरण बघायला मी हवामान खात्यात नाही. ते हसले. दात दाखवायला त्यांना काय, धंदाच आहे. मग आवाज खाली आणून विचारलं, "तुम्ही खुणावलं का?" मी म्हणालो, नाही. "मग तिला सांगितलं कोणी? तुम्ही तर तिथंच होता." मी म्हणालो, हे विचारायचा अधिकार तुम्हाला नाही. यावर ते थोडे दुखावले. माणसाच्या तोंडात हत्यार घालून त्याला बोलतं करायची सवय. बंद तोंडाचा माणूस त्यांना चालत नाही. जाताना म्हणाले, "बघा, तुमचं तुम्हीच नुकसान करून घेताय. तुमचा भाऊ पुढच्या वर्षीचाही सगळा खर्च उचलतोय." म्हणजे बघ, तुझ्या टोप्यांनी दातांच्या डॉक्टरलाही कवळी बसवली.

आईचा फोन आला होता. ती तुझ्या घरात राहते, तुझ्या बाजूचं ऐकते, तरी तिनं मला दोष दिला नाही. एवढंच म्हणाली, "कोण खरं ते मला सांगू नका रे. तू जेवायला कधी येतोस ते सांग." मग म्हणाली, "पोरगी जेवत नाही नीट. हा पानावर बसला की त्या पंचाला नि त्या चुगलखोराला शिव्या घालतो, आणि ती खाली मान घालून ताटात रेघोट्या मारत बसते." मी म्हटलं, येईन. गेलो नाही.

आता तुला राग येईल अशी एक जुनी गोष्ट. आपण लहानपणी शर्यत लावायचो ती आठवते? ओट्यावरून सुटायचं, विहिरीच्या कठड्याला शिवायचं, बांधावरच्या वाकड्या झाडाला शिवायचं आणि परत ओट्यावर. तू त्या वाकड्या झाडाला कधी शिवलास? लांबूनच हात केल्यासारखं करायचास आणि वळायचास. मी मागं असायचो, मला दिसायचं. ओट्यावर पोचून तू बाबांना सांगायचास, "मी पहिला!" आणि बाबा मला कधी विचारायचे नाहीत की झाडाला शिवला का तो. म्हणून मीही कधी सांगितलं नाही. पुढं तू दुकान काढलंस, क्लबचा अध्यक्ष झालास, पेपरात फोटो आला, तेव्हा सगळे म्हणाले, धाकटा भलताच पुढं गेला. मी मान हलवली. मला ते वाकडं झाड दिसत होतं. यात मत्सर नाही, असला तर थोडा असेल, तो देव आणि मी बघून घेऊ.

रोज सकाळी हात जोडून उभा राहतो तेव्हा माझं पहिलं मागणं हल्ली एकच असतं. माझ्या मनात तुम्हा लोकांबद्दल जी तुच्छता भरली आहे ती काढून घे. अजून घेतलेली नाही. त्यालाही तुमची मंडळी भेटलेली असावीत. कारण खरं सांगू का, मला रविवारची भीती नाही. यादीतून नाव काढलं तर पंचाचा मुखवटा आणि ब्रश कपाटात ठेवीन, रविवारी दुपारी तुझ्या वहिनीबरोबर चहा घेईन. चीड याची येते की एवढी मोठी माणसं, दुकानं चालवणारी, दवाखाने चालवणारी, आणि एकालाही वाटलं नाही की आधी मैदानावर खरं काय झालं ते विचारावं. बेस शिवला होता की नव्हता, हा प्रश्न महिनाभरात मला एकानंही विचारलेला नाही. तुझ्या वकिलाच्या कागदातसुद्धा ती शिवली असं लिहायची हिंमत नाही. फक्त मला दिसलं नाही असं लिहायचंय! चूक झाली याचं दुःख नाही, ती कळली कशी याचं दुःख.

आता तुझ्या हातच्या अर्ध्या पानाकडे येतो. बाकीच्यांच्या आरोळ्यांना मी उत्तर देत नाही. पण तू स्वतःच्या अक्षरात, पेन दाबून दाबून लिहिलंस, "दादा, एवढंच सांग, त्या पोरीला कुणी सांगितलं?" हे अपील आहे. आणि तू बाप आहेस, म्हणजे खेळातला आहेस. तर ऐक. भिंगरीनं सांगितलं. मी प्लेट पुसायला वाकलो तेव्हा ती कॅचर जाळीला टेकून, हातमोज्यात तोंड खुपसून रडत होती. तुझ्या पोरी भिंगरीला शोधत होत्या ना, तेव्हा ती तिथं होती. बुटाची नाडी बांधायला बसल्यासारखी तिच्या शेजारी बसली आणि पुटपुटली, "ए, मी तिसऱ्याला शिवले नाही. जा, पंचांना विचार. ते बाहेर गेले की संपलं." ती चष्मेवाली म्हणाली, "मग तू कशाला सांगतेस?" तर ही म्हणाली, "अगं जा ना बाई!" आणि उठून मैत्रिणींच्या खांद्यावर जाऊन बसली. मी आउट दिलं तेव्हा सगळ्यांबरोबर तीही माझ्यावर ओरडली, पण ते तिला नीट जमलं नाही. तू पाहिलं असतंस तर तुला तिथंच कळलं असतं, पण तू मातीत बुटासकट माझ्याकडे धावत होतास. तेव्हापासून तू रोज जेवताना ज्याला शिव्या घालतोस ती तुझ्या समोरच्या पानावर बसून घास गिळते. परवा ती इथं पंपघरात आली होती. म्हणाली, "मोठे बाबा, मी समितीपुढं येऊन सांगू का?" मी नको म्हणालो. तिच्या संघातल्या पोरी तिला सोडणार नाहीत, आणि रविवारी मला कुणीही विचारलं तरी माझ्या तोंडून तिचं नाव निघणार नाही, काय काढायचं ते काढोत. मग तिनं विचारलं, "आणि बाबांनी विचारलं तर?" मी म्हणालो, त्यानं विचारलं तर सांगावं लागेल. ती मोटरकडे बघत म्हणाली, "ते नाही विचारणार. ते नुसतं बोलतात." धाकट्या, तू विचारलंस. उशिरा का होईना, मोटरखाली ठेवायच्या लायकीच्या कागदासोबत का होईना, पण विचारलंस, म्हणून हे पत्र. तुझ्या घरात ही पोरगी आली कुठून, हे मला कळत नाही. तुझीच आहे यात शंका नाही, कोपरा अगदी तुझ्यासारखा कापते. आज दुकान लवकर बंद कर. आईला सांग, मी उद्या जेवायला येतो. आणि पोरीजवळ बस, तिला विचार. ती सांगत असेल तेव्हा मध्ये बोलू नकोस. तुला ते जमत नाही हे मला ठाऊक आहे. तरी आजच्या दिवस जमव.

तुझाच,
दादा